वरचे चार आणे

केळीच्या बागेतली मजुरी देताना रतिलालशेठ वरचे चार आणे भागाबाईच्या हातावर ठेवत नसत, पायाशी फेकत.

"उचल, भागाबाई."

ती वाकून उचलायची आणि घरी डब्यात टाकायची.

चार आणे बंद व्हायची तारीख लागली, तेव्हा लेक रत्ना म्हणाली, "माय, बँकमा बदली लई येऊ का?"

"राहू दे. माले त्यासनं काम शे."

त्याला चौदा वर्षं झाली. परवा शेठ गेले, नव्वदी ओलांडून. तिरडीवरून उधळलेले रुपये लोक शकुनाचे म्हणून वेचत होते. भागाबाईनं पुढे होऊन तिरडीवर अख्खा डबा उधळला. चार आणे बघून कोणीच वाकलं नाही.

"उचल, रतिलाल," ती म्हणाली.