ढगगाडीचा गार्ड

“बंद करणार? बंद करणार म्हणजे काय?” दादा स्क्रीनवर खेकसला. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “आता काय झालं?”

झालं एवढंच होतं, की मनोरंजन कंपनीच्या वार्षिक चाहता-संमेलनात चकचकीत जाकीट घातलेल्या साहेबांनी थीम पार्कच्या नव्या घोषणा केल्या होत्या. नवं हॉटेल येणार. नवा रोलर कोस्टर येणार. आणि त्याला जागा हवी म्हणून जुनी ढगगाडी जाणार. ढगगाडी म्हणजे अंधारातून, कापसाच्या ढगांतून कुईकुई करत फिरणारी छोटीशी आगगाडी. साहेब वर हसून म्हणाले होते, “हे आम्ही तुमचं ऐकूनच करतोय बरं का.”

“आमचं ऐकून? कुठल्या गाढवाने सांगितलं यांना?” दादा खोलीभर येरझाऱ्या घालू लागला.

दादाचं चष्म्याचं दुकान होतं, पण त्याचा सगळा जीव त्या गाडीत. दर सुट्टीला पार्कात जायचं आणि घरी येऊन तिच्यावर व्हिडिओ टाकायचा. चाहते त्याला ‘गार्ड’ म्हणायचे. बाबा भयंकर तापट होते. ते खळखळून हसलेले दादाने आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिले होते, ढगगाडीच्या पुढच्या बाकावर. आता बाबा नव्हते, पण तो बाक होता.

सोफ्यावर बसलेल्या धाकट्या बहिणीचं डोकं ठणकत होतं. ती त्याच कंपनीत नोकरीला होती. चाहते काय लिहितात ते वाचायचं आणि वरच्यांना कळवायचं, हे तिचं काम. सकाळपासून ती तेच वाचत होती. हॉटेल जाहीर झालं, तर महाग असणार म्हणून बोंब. कोस्टर जाहीर झाला, तर पुरेसा भीतीदायक नाही म्हणून बोंब. संमेलनात टोप्या फुकट वाटल्या, तर रंगावरून भांडण. यांना स्वर्गात नेलं तरी जिन्याचा कठडा हलतो म्हणतील, असं तिच्या मनात आलं.

“बेबी, तुमच्यातल्याच कुणा शहाण्याने हे केलंय,” दादा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “नाव सांग. आत्ताच्या आत्ता लाईव्ह जातो आणि त्याची सालटी काढतो.”

“नाव ऐकायचंय?”

“ऐकायचंय!”

“तू, दादा.”

“मी?” दादा ओरडला.

“शिट्टी बेसूर आहे. तिसऱ्या डब्याचं दार अडकतं. ढग पिवळे पडलेत. कोणी टाकले हे व्हिडिओ? अख्ख्या पार्कात सगळ्यात जास्त तक्रारी ढगगाडीच्या, आणि त्या सगळ्या तुझ्या नाहीतर तुझ्या शिष्यांच्या. वरच्यांनी वाचल्या आणि म्हणाले, ही गाडी लोकांच्या डोक्यात जाते, काढून टाका. मी घसा फोडून सांगितलं, अहो, जीव आहे म्हणून कटकट करतात. ते म्हणाले, मग एक तरी चांगला शब्द दाखवा. मी शोधला रे दादा. सगळं पालथं घातलं. एक सापडला नाही.”

“अगं, पण दुरुस्त करावी म्हणून सांगत होतो मी!”

“आणि ‘मला आवडते’ हे सांगायला काय तोंडाला कुलूप होतं?”

“आवडतं हे काय सांगायचं असतं?” आई दारात येऊन म्हणाली. “ते कळतंच.”

या घरात ते असंच होतं. ज्याच्यावर जीव, त्याच्या खोडी काढायच्या. धाकटीला बढती मिळाली त्या दिवशी आईने विचारलं होतं, “हे केसांचं काय करून घेतलंयस?”

धाकटीने कपाळ चोळलं. “सोमवारी शेवटची बैठक आहे. तोवर लोकांनी चार शब्द बरे लिहिले, तर मी ते साहेबांच्या नाकासमोर धरते. तुझं लोक ऐकतात. सांग त्यांना. पण हात जोडते, एकही खोट काढू नकोस.”

दादा लाईव्ह गेला. माणसं आधीच जमली होती. सगळे पेटलेले. ‘शेवटचा डबा’ नावाचा त्याचा सगळ्यात जुना चाहता लिहीत होता, “गार्डसाहेब, आज फाडा यांना! ढगगाडी न्यायचीच तर आमच्या प्रेतावरून न्या म्हणावं!”

दादाने तोंड उघडलं. “तिची शिट्टी...” तो म्हणाला. धाकटीने डोळे वटारले. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मला ढगगाडी आवडते,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला असावा, कारण तो थांबला. “फार आवडते. माझे बाबा तिथे हसायचे. ज्यांनी ती बांधली त्यांचे मी कधी आभारच मानले नाहीत. आज मानतो. तुम्हालाही आवडत असेल, तर आज भांडू नका. नुसतं तेवढंच लिहा.”

दारात आईने पदराने डोळे टिपले आणि कुणी बघितलं तर नाही ना, ते बघितलं. धाकटीला रडू आलं. दादाला हे इतकं सोपं, इतकं सरळ बोलता येतं, हे तिला माहीतच नव्हतं. तिने घाईघाईने फोन पुढे ओढला. आता लोक लिहितील आणि सोमवारी ती ताठ मानेने बैठकीला जाईल.

कमेंट थांबल्या होत्या. एकही येईना. मग ‘शेवटचा डबा’ने लिहिलं, “गार्ड विकला गेला.”

“मलाही तेच वाटलं,” खाली कुणीतरी लिहिलं. “आभार म्हणे! कंपनीचे!”

“रडतोय बघा. शिकवून बसवलंय.”

“अरे, ऐका तरी!” दादा स्क्रीनला म्हणाला.

“मंडळी, नीट विचार करा,” ‘शेवटचा डबा’ लिहीत होता. “कंपनी याच्या तोंडून गाडीचं कौतुक करवतेय. म्हणजे कंपनीला ती ठेवायचीच आहे. बंद करण्याचं नुसतं नाटक. आपण असे फसणार नाही. सगळ्यांनी एकच लिहा: ढगगाडी पाडा.”

मंडळी लगेच कामाला लागली.