चुलीवरची फळी

विजेचं वेल्डिंग जालन्यात नवंच होतं. इंद्रभानच्या हाताला गुण आहे म्हणून पार राजूरहून काम यायचं. हल्ली मात्र त्याच्या प्रत्येक जोडात बारीक छिद्रं पडत होती. पाण्याची एक टाकी तिसऱ्यांदा गळून परत आली, तेव्हा त्यानं जाफराबादहून गिरिधर उस्तादांना बोलावलं. त्याला हे काम त्यांनीच शिकवलं होतं.

"गंज घासला?"

"बराबर घासला."

"तेलकटपणा?"

"पुसला."

उस्तादांनी खोक्यातला वेल्डिंगचा रॉड बोटांनी चाचपला. "हा सादळलाय. ओल्या रॉडनं छिद्रं पडणारच. ठेवतो कुठं?"

"हितंच, दुकानात."

"पहिल्यापासून?"

"न्हाई. माझी घरवाली जयवंता रोज सांजच्याला रॉड घरात न्यायची, चुलीवरच्या फळीवर मांडायची. मला वाटायचं, चोरीच्या भ्यानं नेती."

"मंग आता का न्हाई नेत?"

"तिला वारून महिना झाला, उस्ताद."

उस्तादांनी हातातला रॉड खोक्यात परत ठेवला. इंद्रभान टाकीचं गळकं छिद्र बोटानं दाबून बसला होता.

"अन् लोक म्हणायचे," तो म्हणाला, "माझ्या हाताला गुण हाय."