बारा आकडी सवत

सिस्टरांनी शिवदासच्या मनगटावरचा श्वासपट्टा यंत्राला लावला. असा पट्टा गावात सगळ्यांनाच होता. गेल्या तीन महिन्यांत त्याच्या श्वासात कोणाचा श्वास किती तास मिसळला, त्याची यादी पडद्यावर उमटली. शिवदासला टीबी निघाला होता, आणि प्रतिबंधाच्या गोळ्या कोणाला द्यायच्या ते ही यादीच ठरवायची.

त्याची बायको वैजयंता वाकून बघू लागली. तिच्या नावापुढे होते जेमतेम नऊ तास. सगळ्यांत वर सहाशे चाळीस तास, आणि तिथे नावच नव्हतं, नुसता बारा आकडी नंबर.

"बघा सिस्टर!" तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "ऐन थंडीत यांना घरात उकडायचं, म्हणून गोठ्यात निजायला जायचे म्हणे! मी काय दुधखुळी आहे? त्या सटवीनं नावसुद्धा लपवलंय!"

शिवदास खाली मान घालून बसला. सिस्टर हसू दाबत म्हणाल्या, "वहिनी, हा तुमच्या म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर आहे. जनावरांचा श्वास तो बिल्ला नोंदवतो. तिला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. तुम्हाला गोळ्या लागणार नाहीत."

वैजयंतानं पडद्यावरचे आपले नऊ तास पुन्हा वाचले. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "खोकला लागला तेव्हाच मला का नाही सांगितलं?"

"तू माझ्या उशाशी बसून राहिली असतीस," तो पुटपुटला.

तिनं डोळ्यांना पदर लावला, पण राग काही उतरेना.

"बायकोपासून लपवलंत," ती म्हणाली, "आणि त्या म्हशीच्या तोंडावर मात्र तीन महिने खोकलात!"