दोन माणसांचं वजन

खासगी यान अंतराळात नेणाऱ्या पहिल्या संघाला मोठं बक्षीस होतं. थोरल्या भावाचं इंजिन चाचणीत पेटलंच नाही आणि त्याचा संघ बाद झाला. धाकट्याचं यान उद्या उडणार होतं. आठवडाभर थोरल्याच्या पोटात दुखत होतं आणि तो ते पित्तावर ढकलत होता.

धाकटा थोरल्याच्या वर्कशॉपमध्ये आला. "दादा, नियमाने यानात तिघांचं वजन लागतं. वैमानिक एकटाच जातोय. बाकी दोघांच्या जागी तुझं इंजिन दे ना."

"नऊ वर्षं घासलो मी त्यावर. तुला ते वजनाला हवंय?"

"इथे तरी काय करतंय?"

नाही म्हटलं तर जळतोय म्हणतील, म्हणून थोरल्याने स्वतःच साखळी लावून इंजिन टेम्पोत चढवलं. पण राहवलं नाही. "वाळूची पोती मिळाली नाहीत का रे तुला?"

"भरली होती. सकाळीच काढली." धाकटा दोर आवळत म्हणाला, "उद्या सगळे वर बघत असतील, दादा. तेव्हा यान पडावं असं मनात म्हणणारं घरचं कुणी नको."