एकाच हातची गाडी

"पत्रा बघा, पत्रा," म्हणत ग्वाक संगवूने गर्द हिरव्या गाडीच्या दारावर थाप मारली. आवाज जाड आला. "हल्लीच्या गाड्या म्हणजे नुसते पापड. ही तशी नाही."

इंचॉनच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात दुपारचं धुकं समुद्राकडून आत आलं होतं. पलीकडच्या रांगेतल्या गाड्या असून नसल्यासारख्या दिसत होत्या. ही हिरवी आठ महिने खपत नव्हती. मालकाने आज सकाळीच बजावलं होतं, ही गेली नाही तर उद्यापासून तूही येऊ नकोस. पन्नाशी उलटलेल्या विक्रेत्याला दुसरीकडे कोण उभं करणार?

गिऱ्हाईक म्हणजे एक बारीकशी बाई. आवाज इतका मऊ, की ऐकता ऐकता डोळा लागावा. सोबतचा माणूस वहीत लिहीत होता. ग्वाकने त्याला तिचा दीर समजून टाकलं.

"कुणासाठी बघताय, मावशी?"

"मुलासाठी आलेय. दोंग्यूसाठी. यंदाचं एकोणिसावं."

"मग ती शेजारची पांढरी नकोच. ती लिटरला पंधरा देते, कबूल. ही शहरात आठ, हमरस्त्याला अकरा. कर जास्त, टायर महाग. सगळं खरं. पण ठोकर बसली की पांढरी डब्यासारखी चेपते. हिच्या दारात लोखंडी पट्ट्या आहेत, पुढे दोन एअरबॅगा. आतल्याच्या केसाला धक्का लागायचा नाही."

"आणि बाहेरच्याच्या?"

ग्वाक हसला. "बाहेरच्याने आपलं बघून चालावं, मावशी!"

वहीवाल्याने तेही लिहून घेतलं. ग्वाकला गंमत वाटली. खर्चाचा हिशोब करणारी माणसं चिकट असतात, पण घेतात.

"आधी कुणाची होती?" बाईने विचारलं.

ग्वाकने ती लिलावातून उचलली होती. कुणाकुणाच्या हातून आली, देव जाणे. पण इथे बाजारात प्रत्येकाकडे हुकमाचं एक पान असतं, आणि ते टाकायची वेळ आली होती.

"माझीच," तो म्हणाला.

"कागदावर नाव दुसरं आहे," वहीवाला पहिल्यांदाच बोलला.

"मेव्हण्याचं. नावापुरतं हो, साहेब. पहिल्या दिवसापासून चालवली मी. एकाच हातची गाडी. किल्लीला दुसऱ्या कुणाचं बोट लागू दिलं नाही."

"बायकोचंही नाही?"

"तिची जागा शेजारी. संत्री सोलून भरवायची मला."

बायको सहा वर्षांपूर्वी सोडून गेली होती. मुलगी वर्षाकाठी एखादा फोन करायची. ग्वाककडे जन्मात गाडी नव्हती; तो बसने यायचा. पण बाई मऊ आवाजात एकेक विचारत राहिली, आणि धुक्यात त्याला खरंच सगळं दिसायला लागलं. रस्त्याकडेची पिवळी फुलं, मागे मान टाकून झोपलेली पोर, गाडीभर संत्र्याच्या सालीचा वास. खोटं बोलताना इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"चुसकच्या सणाला गावी जात असाल."

"न चुकता! गांगनुंगला. पितरांना पान ठेवायला नको?"

"दोन वर्षांमागे, सणाच्या आदल्या दिवशी, केवढा पाऊस होता," बाई म्हणाली. "घाट उतरल्यावर, बटाट्याच्या शेतांपाशी."

"काही विचारू नका! दिवेलागणीची वेळ, समोरचं काही दिसेना." ग्वाकला काचेवरचं पाणी दिसत होतं. "दुसरी गाडी असती तर गेलो होतो आम्ही. ही डगमगली नाही."

"हा उजवा आरसा नवा वाटतो."

ग्वाकने तो आरसा आत्ता कुठे नीट पाहिला. पण घडी बसलेलं स्वप्न मोडायचं त्याच्या जिवावर आलं.

"त्याच प्रवासात गेला. घासला कशाला तरी. थांबलोसुद्धा नाही बघा. आत बसलेल्यांना काही कळलं असेल तर शपथ! याला म्हणतात मजबुती."

बाईने बॉनेटवर तळवा टेकला.

"हीच," ती म्हणाली.

"हीच घ्यायची ना?"

"हीच आहे."

ग्वाकची नोकरी वाचली. उद्या पुन्हा बसने इथेच यायचं, यंत्रातली गोड कॉफी प्यायची. त्याला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

"तुम्ही बोललात ते शब्दाला शब्द लिहिलंय," वहीवाला म्हणाला. "वाचून घ्या आणि सही करा. मागाहून फिरवाफिरवी नको."

"वाचायचं काय त्यात? जीभ माझी, शब्द माझे. शिक्का आणू?"

"अंगठा चालेल."

लाल शाईची डबीही त्याच्याच खिशातून निघाली. ग्वाकने पानापानावर अंगठा उमटवला. बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईचं काळीज, ग्वाकच्या मनात आलं.

"रडू नका, मावशी. दोंग्यूला एकदा घेऊन या. मी स्वतः त्या घाटात नेऊन त्याचा हात बसवून देतो."

ग्वाक अंगठा पुसत होता. पुसता पुसता त्याची नजर पहिल्या पानावर वर लिहिलेल्या ओळीकडे गेली. ती टपोऱ्या अक्षरात होती.

'सोक दोंग्यू, मृत्यूसमयी वय सतरा, याला घाटाखालच्या रस्त्यावर उडवून पळून गेलेल्या चालकाचा जबाब.'