ओल्या गिलाव्याचा नियम

पर्यटक बाईंनी भिंतीतले जुने आवाज ऐकायची श्रवणनळी लेण्याच्या भिंतीला लावली, तशी भिंतीच्या भेगा बुजवणारी हेमांगी हातातलं काम थांबवून बघू लागली. ओला गिलावा कानावर पडेल ते कायमचं धरून ठेवतो. म्हणून भेगा बुजवताना तोंड उघडायचं नाही, असा इथला नियम होता. पण गेल्या महिन्यात याच भिंतीवर काम करताना आई गेल्याचा मेसेज आला, तेव्हा हातातली थापी चालूच राहिली आणि हुंदका काही आवरला नाही. तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

“कुणीतरी बाई रडतेय हो,” पर्यटक बाई डोळे पुसत म्हणाल्या.

लेण्याचे प्रमुख साळवी सर पुढे झाले. त्यांनी बराच वेळ ऐकलं.

“दोन हजार वर्षांपूर्वीचं दुःख,” सर हळूच म्हणाले. “हेमांगी, उद्या इथं पाटी लाव.”

दुसऱ्या दिवशी तिनं पाटी लावली, तोंड न उघडता. मागं रांग लागली होती, तिच्या आईसाठी रडायला.