चौकशीची तालीम

“पुन्हा म्हणा, काका.”

शिंप्यानं गळ्यातली टेप सारखी केली, घसा खाकरला आणि समोरच्या भिंतीला उद्देशून म्हटलं, “हो, ती इथंच राहते.” लगेच त्याच्या कपाळावर घाम आला. “म्हणजे, राहत असेल. मी कामात असतो. आपण कोण?”

“काका!”

“अगं छबू, जीभच वळत नाही. सगळा जन्म ‘माहीत नाही’ म्हणण्यात गेला. एका संध्याकाळीत कसं सुटायचं ते?”

छबूनं कपाळाला हात लावला. चौकशीचा माणूस उद्या सकाळी येणार होता. विमानतळाच्या नियंत्रण कक्षात तिची निवड झाली होती. परीक्षा झाली, मुलाखत झाली, डोळे-कान तपासून झाले. आता एवढंच उरलं होतं, की कुणीतरी येऊन बघणार, मुलगी सांगते तिथं खरंच राहते का. राहत नाही असा शेरा गेला, की जागा पुढच्या उमेदवाराला.

दुसऱ्या कुठल्याही गल्लीत ही बाब एका कप चहात उरकली असती. या गल्लीत परक्या माणसाला कुणाचाही पत्ता सांगत नसत. का, ते कुणालाच धड आठवत नव्हतं. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कधीतरी बाहेरच्या कुणाला तरी हवं असायचं, आणि ते चांगल्या कारणासाठी क्वचितच. त्यामुळे अनोळखी चपला वाजल्या, की अख्खी गल्ली एका सुरात अडाणी होई. पोरं हे मुळाक्षरांच्या आधी शिकत.

या गल्लीनंच छबूला वाढवलं होतं. आई कामावर जायची तेव्हा ती शिंप्याच्या चिंध्यांत झोपायची. इस्त्रीवाल्या मावशींच्या टेबलाखाली बसून तिनं पाढे पाठ केले. न्हाव्यानं तिचे केस फुकट कापले आणि ते तसे दिसतही. इतक्या मायेच्या माणसांचा आज तिला धसका बसला होता, आणि तो उगाच नव्हता. गेल्या वर्षी न्हाव्याच्या थोरल्याची बंदरातली नोकरी हातची गेली होती. चौकशीचा माणूस दाढीला बसला, त्यानं सहज विचारलं, आणि न्हाव्यानं वस्तरा न थांबवता सांगून टाकलं, “मला मूलबाळ नाही.” थोरला आता शेजारच्याच खुर्चीवर गिऱ्हाइकांना साबण लावतो आणि बापाशी खुणांनी बोलतो.

म्हणून ही तालीम. न्हाव्याच्या दुकानात, दार लोटून.

साहेब झाला होता न्हावीच. त्यानं चष्मा नाकावर ओढला. “काय हो बाई, इथं अमुक अमुक मुलगी राहते का?”

“कोण मुलगी?” इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या. “या गल्लीत मुलीच नाहीत.”

“मावशी, मी आहे ना!” छबू कळवळली.

“आहेस गं बाई. पण हा मेला असं टक लावून विचारतो, की मला आपोआप होतं.” मावशींनी पदरानं तोंड पुसलं. “खोटं बोलायला मला कधी पाठांतर लागलं नाही. खऱ्याला बघ किती खटाटोप!”

“आणि कुठल्या कामासाठी,” शिंपी म्हणाला, “तर विमानांना रस्ता दाखवायला. आपल्या गल्लीतनं!”

सगळे हसले. छबूला हसू येईना. “तुम्ही नाही म्हणालात, तर मी जन्मभर इथंच राहीन. तुमच्या टेबलाखाली.”

मग मात्र कुणी हसलं नाही. मावशींनी साहेबाला सांगितलं, “विचार रे पुन्हा.”

दुकानाचे दिवे घालवेपर्यंत तिघांनाही खरं बोलता येऊ लागलं. अडखळत, पण येऊ लागलं.

सकाळी छबू खिडकीच्या पडद्याआड उभी राहिली. रात्री डोळा लागला नव्हता. आई मागून म्हणत होती, “अगं, दोन घास तरी खाऊन घे.” ती खिडकीपासून हलत नव्हती.

माणूस आला. किडकिडीत, बगलेत फाईल, चपला करकरणाऱ्या. तो थेट न्हाव्याच्या दुकानाशी थांबला. छबूनं पडदा मुठीत आवळला.

“राहते की,” न्हाव्याचा आवाज आला. जरा चिरका, पण आला. “पुढे जा. हिरवं दार.”

माणूस शिंप्याकडे वळला. शिंप्यानं टेपची दोन्ही टोकं घट्ट धरली. “हो. ती इथंच राहते.” आणि पुढे एक अक्षरही नाही! छबूचे डोळे भरून आले.

राहिल्या मावशी. त्यांनी इस्त्री उभी केली, माणसाला आपादमस्तक न्याहाळलं.

“इथंच राहते म्हणजे काय, इथंच वाढली!” मावशी कडाडल्या. “माझ्या या टेबलाखाली शिकली. ते बघा हिरवं दार. चला, जा, पोरगी वाट बघतेय.” आणि त्यांनी हात लांब करून बोट दाखवलं. न्हावी दुकानातून बाहेर आला, त्यानंही दाखवलं. शिंप्यानं तर कात्रीनं दाखवलं. परक्या माणसाला आपल्यापैकी कुणाचं तरी दार दाखवण्याची गल्लीची ती पहिलीच वेळ होती.

छबूनं मुठीतला पडदा सोडला. आता काही राहिलं नव्हतं. आई ग्लास विसळायला आत पळाली.

कडी वाजली. छबूनं दार उघडलं.

माणसानं फाईल उघडली, तिचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट वाचलं आणि तिच्याकडे टक लावून विचारलं, “या इथंच राहतात ना?”

“कोण?” छबू म्हणाली. “नाही हो. या गल्लीत असं कुणीच राहत नाही.”